छोट्या होडीतून गरवायला जाण्याआधी: पाण्यात पडलेला माणूस परत वर कसा येणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही बरीच वर्षं काठावर बसून गळ टाकत आलात. आता तिघांनी मिळून चौदा फुटांची, पाच फूट रुंद अशी फायबरची सेकंडहँड होडी आणि एक आउटबोर्ड इंजिन घेतलंय. आधी तलावात आणि हात बसला की खाडीच्या मुखापर्यंत जायचा बेत आहे. सुरक्षेसाठी काय काय विकत घ्यावं, हे तुम्ही विचारलंय.

खरेदीबद्दल सांगतोच, पण मधूनमधून. कारण तयारी म्हणजे खरेदी असं धरलं की सगळं सामान सीटखाली नीट रचलं जातं, आणि ज्या मिनिटाला ते लागतं त्या मिनिटाला तुम्ही पाण्यात असता आणि ते होडीत असतं.

होडीचा अपघात म्हटलं की वादळ आणि डोंगराएवढ्या लाटा डोळ्यांपुढे येतात. गरवणाऱ्यांच्या बाबतीत तसं फारसं होत नाही. होडी छोटी, पाणी शांत, ऊन पडलेलं, काठ समोर दिसतोय, आणि कुणीतरी उभ्याने रॉड फेकताना, मासा जाळीत घ्यायला वाकताना किंवा कडेला उभं राहून लघवी करताना तोल जाऊन पडतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे हौशी बोटींवरचे वार्षिक अहवाल काढून बघा. मृत्यूंपैकी साधारण तीन चतुर्थांश बुडून झालेले असतात, आणि बुडालेल्या दहा जणांतल्या आठांहून जास्त जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नसतं. त्यामुळे तुमच्या सगळ्या तयारीला मी एकच प्रश्न लावेन: आपल्यातला एक जण आत्ता पाण्यात पडला, तर तो तरंगेल का, आणि परत होडीत येईल का?

तरंगण्यापासून सुरुवात करू. लाइफ जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलतं, त्याचा न्यूटनमधला आकडा त्याच्यावर छापलेला असतो: 50, 100, 150 किंवा 275. 50 चं जॅकेट हे पोहता येणाऱ्याला आधार देण्यापुरतं. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, तर ते तोंड पाण्याबाहेर ठेवेल याची खात्री नाही. 100 चं आडोशाच्या, शांत पाण्यासाठी. 150 चं जॅकेट बेशुद्ध माणसालाही सहसा उताणं करतं. 275 चं जाडजूड कपडे आणि अवजारं अंगावर असणाऱ्यांसाठी. खाडीचा बेत असेल तर सरळ 150 चं घ्या, म्हणजे दोनदा खर्च नको.

गरवणारे जॅकेट घालत नाहीत याचं खरं कारण आळस नाही. फोमचं जॅकेट खांद्यात अडतं आणि रॉड फेकता येत नाही. म्हणून गॅसने फुगणारं, गळ्याभोवतीच्या पट्ट्यासारखं जॅकेट तुमच्यासाठी चांगलं, कारण ते दिवसभर अंगात राहतं. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारंच घ्या. दोरी ओढून फुगवायचं जॅकेट हे भानावर असलेल्या माणसासाठी असतं. मात्र ज्याला पोहता येत नाही त्याला आणि मुलांना फोमचंच, तिथे सोयीचा विचार करू नये. रेनकोट घालायचा झाला तर जॅकेट रेनकोटच्या वरून. आत घातलं आणि फुगलं तर छाती आवळली जाते.

या फुगणाऱ्या जॅकेटची देखभाल मात्र कुणी करत नाही. वर्षातून एकदा ते उघडा. आतला गॅसचा सिलिंडर फिरवून काढा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. भरलेल्या सिलिंडरचं वजन त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं. त्यापेक्षा कमी भरला तर तो गेला. त्याचं टोक बघा, टोचून भोक पडलेलं असेल तर तो रिकामा आहे, आदल्या मालकाने कधीतरी वापरलेला. मग तोंडाने फुंकायच्या नळीने जॅकेट घट्ट फुगवून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर कुठेतरी गळतंय, आणि गरवणाऱ्याच्या जॅकेटला ते भोक बहुधा त्याच्याच गळाने पाडलेलं असतं. पाणी लागून सुटणाऱ्या कॅप्सूलवर मुदतीची तारीख असते, तीही बघून घ्या. सिलिंडर परत बसवताना हाताने पूर्ण घट्ट पिळा. थोडा सैल राहिला तर तो फुटतच नाही.

आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा. तो सगळे दुमडून आत कोंबतात. पाण्यात तो नसेल तर जॅकेट कानापर्यंत वर सरकतं आणि माणूस खाली लोंबतो.

थंड पाण्याबद्दल थोडं, कारण «मला पोहता येतं» हे उत्तर मी फार ऐकतो. पाण्याचं तापमान साधारण 15 अंश सेल्सियसच्या खाली असेल तर पडल्या पडल्या माणूस आपोआप धाप टाकून श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. गोठणबिंदूच्या जवळच्या पाण्यासाठी 1-10-1 असा हिशेब शिकवतात: श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती 10 मिनिटं, आणि थंडीने शुद्ध जायला साधारण 1 तास. यातली मधली दहा मिनिटं लक्षात घ्या. थंडीने मरायच्या कितीतरी आधी बोटं वळेनाशी होतात, बकल लागत नाही, दोर धरवत नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालू, असा बेत इथेच कोलमडतो. पाणी कोमट असेल तर वेळ जास्त मिळतो, पण गोष्ट तीच.

एक गैरसमजही काढून टाकू. कमरेपर्यंतचे रबरी वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायला घालतात ती बूट जोडलेली विजार, पाण्याने भरले की माणसाला तळाशी ओढतात, असं सर्रास सांगितलं जातं. पाण्यातल्या पाण्याला पाण्यात वजन नसतं. वेडर पोहणं अवघड करतात हे खरं, पण त्यांचं खरं ओझं कळतं ते बाहेर निघताना, कारण आतलं सगळं पाणी तुमच्यासोबत वर उचलावं लागतं. होडीत वेडर घालूच नयेत असं माझं मत आहे. ते काठावरच्या उथळ पाण्यासाठी आहेत.

आता परत वर येणं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन, कारण यासाठी जवळजवळ कुणीच काही केलेलं नसतं. पुढच्या सुट्टीला गळ घरी ठेवा. काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात होडी न्या, इंजिन बंद करा, आणि एकेकाने पूर्ण कपड्यांत, जॅकेट फुगवून, पाण्यातून होडीत चढून दाखवायचं. तळाला पाय टेकवायचे नाहीत. मी हे अनेकांकडून करून घेतलंय, आणि दंड कमावलेली माणसंही पहिल्या खेपेला लटकून राहतात. होडीचा काठ हातात येतो, पण शरीर वर यायच्या ऐवजी पाय होडीच्या पोटाखाली सरकतात, फुगलेलं जॅकेट छातीपुढे आडवं येतं, आणि ज्या बाजूला लटकलात ती बाजू पाण्याकडे कलते. आतले दोघं मदत करायला त्याच बाजूला धावले की तिघंही पाण्यात.

उपाय स्वस्त आहे. मागच्या बाजूला, इंजिनशेजारी, घडीची शिडी बसवा. तिच्या निदान दोन पायऱ्या पाण्याखाली गेल्या पाहिजेत आणि पाण्यातल्या माणसाला ती स्वतः खाली ओढता आली पाहिजे. शिडी बसत नसेल तर जाड दोराचा फास करा, त्याच्या खालच्या भागावर रबरी पाइपचा वीतभर तुकडा ओवा म्हणजे फास उघडा राहतो आणि पाय चटकन सापडतो, आणि दुसरं टोक आतल्या पक्क्या कडीला बांधा. पायरी गुडघ्याच्या थोडी खालपर्यंत यावी. फार लांब केली तर पाय परत पोटाखाली जातो. चढताना इंजिन पूर्ण बंद, न्यूट्रलवर नाही. आतल्यांनी खाली बसून होडीच्या मधोमध राहायचं, आणि ओढायचं तर दंड धरून नाही, जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून. आधी एकदा खाली दाबून मग त्याच झोक्यात वर घेतलं तर माणूस सोपा येतो.

तुमच्यापैकी कोणी एकटा जाणार असेल, तर ही चाचणी एकट्याने पास झाल्याशिवाय जाऊ नये.

पडलेल्या माणसापर्यंत पोहोचायचं कसं, तेही त्याच दिवशी करून बघा. एकाने बोट दाखवून नजर त्याच्यावर खिळवायची आणि दुसरं काहीच करायचं नाही, कारण लाटेत डोकं नारळाएवढं दिसतं आणि लगेच हरवतं. तरंगणारं काहीही फेका. मग वळसा घालून, वाऱ्याकडे तोंड करून हळू जवळ या. वारा पाठीशी ठेवून आलात तर होडी त्याच्या अंगावर जाईल.

इंजिनला जी लाल, पिळाची किल कॉर्ड असते, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी दोरी, ती चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला बांधलेली हवी. हँडलने वळवायच्या आउटबोर्डवरून हात सुटला की इंजिन बहुधा एका बाजूला वळून अडकतं आणि होडी गोल गोल फिरू लागते. मध्यभागी कोण असतं, तर पडलेला माणूस. दर वेळी निघताना कॉर्ड एकदा ओढून इंजिन खरंच बंद होतंय का ते बघा, आणि जादा एक कॉर्ड होडीत ठेवा, म्हणजे चालवणाराच पडला तर उरलेल्यांना इंजिन सुरू करता येईल.

किती माणसं? होडीवर क्षमतेची पाटी असेल तर तोच आकडा. नसेल तर जुना आडाखा असा: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. तुमची 14 × 5 = 70, भागिले 15, म्हणजे चार. पण हे चार शांत पाण्यात, नुसते बसलेले. तुमच्याकडे नांगर, पेट्रोलची टाकी, बर्फाची पेटी आणि जिवंत मासे ठेवायची टाकी असणार. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, आणि तेही होडी कलली की त्याच बाजूला धावणारं. तुम्ही तिघंच आहात, तीनच राहा. चौथ्या मित्राला सांगा, पुढच्या वेळी.

उभं राहून गळ टाकायचाच असेल तर एका वेळी एकाच माणसाने, आणि बाकीच्यांना सांगून. मासा कडेला आला की जाळी एकाने धरायची, दुसऱ्याने जागा सोडायची नाही. मोठा मासा बघायला तिघं एका काठावर झुकणं हा या छंदातला नेहमीचा प्रकार आहे. लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली ठेवा. हसू येईल, पण ठेवा. दारूबद्दल मी एवढंच म्हणेन की काठावर परत आल्यावर.

नांगर. गरवणाऱ्यांची एक वाईट सवय म्हणजे नांगर मागून टाकणं, कारण मागे बसून दोर सोडायला सोपं पडतं आणि गळ प्रवाहाच्या दिशेला राहतात. होडीची मागची फळी सगळ्यात बुटकी, तिच्यावर इंजिनचं वजन, आणि प्रवाहाचा सगळा जोर तिथेच. दोर ताणला की मागचा भाग आणखी खाली दबतो, एखादी लाट आत येते, आत आलेलं पाणी मागेच जमतं, आणि पुढची लाट आणखी सहज आत येते. होडी बुडायला मिनिटही लागत नाही. नांगर नेहमी पुढून, नाळेवरून. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा, आणि खोली मोजताना नाळेची उंची आणि येणारी भरतीही धरायची. खोली 5 मीटर, नाळ अर्धा मीटर, भरतीने अजून 2 मीटर चढणार, म्हणजे साडेसात. सात पटीने बावन्न-त्रेपन्न मीटर दोर. नांगर आणि दोर यांच्यामध्ये काही मीटर साखळी असली की नांगर आडवा पडून धरतो. खडकात अडकला तर बाजूने ओढत बसू नका. दोराच्या टोकाला एखादा रिकामा कॅन बांधून सोडून द्या आणि प्रवाह मंदावला की परत या. त्यासाठी दोर कापता येईल अशी सुरी अंगावर हवी. पेटीत ठेवलेली सुरी त्या वेळी सापडत नाही.

हवामानाचं ॲप बघा, पण त्यातल्या पावसाच्या ढगापेक्षा वाऱ्याचा आकडा महत्त्वाचा. पाण्यावर अधूनमधून पांढरा फेस दिसू लागतो तो साधारण 7 ते 10 नॉटला, म्हणजे ताशी 13 ते 19 किलोमीटरला. 11 ते 16 नॉटला तो बऱ्यापैकी वारंवार दिसतो. चौदा फुटी होडीतल्या नवशिक्यांनी फेस दिसायला लागला की काठ गाठावा, असं मी म्हणेन. किनाऱ्याजवळ दिवसभराचा क्रम ओळखीचा आहे: पहाटे जमिनीवरून मतलई वारे, पाणी आरशासारखं, जाताना मजा, दुपारी खारे वारे जोर धरतात आणि परतीची वाट खडबडीत होते. जाताना दिसलेल्या पाण्यावर परतीचा हिशेब करू नका. जमिनीकडून वाहणारा वारा आणखी फसवा, कारण काठाजवळ आडोसा असतो आणि लाट दिसते ती आत गेल्यावर. तेव्हा इंजिन बंद पडलं तर वारा तुम्हाला बाहेरच नेणार.

खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाताशी ठेवून जायचं. दिवसातून दोनदा भरती येते तिथे बारांशाचा आडाखा चालतो: सहा तासांत पाणी 1, 2, 3, 3, 2, 1 अशा वाट्यांनी चढतं किंवा उतरतं. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी हलतं आणि ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, तेव्हा हे सगळं जास्त जोराने. ओहोटीचं पाणी बाहेर आणि वारा आत, अशी गाठ मुखाशी पडली की तासाभरापूर्वी जिथून आलात तिथेच उभ्या, आखूड लाटा उठतात. पहिल्या काही फेऱ्या भांगाच्या भरतीच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या सौम्य भरतीच्या दिवसांत करा.

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. वीज दिसणं आणि आवाज येणं यात 30 सेकंदांहून कमी अंतर असेल तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. ती इतकी जवळ येण्याची वाट बघू नका, पहिल्या आवाजालाच निघा. कार्बनचे रॉड विजेचे वाहक आहेत. ते आडवे ठेवा आणि निघा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काठावरच.

आणखी एक गैरसमज: «आम्ही मासे धरतोय, बाकीच्यांनी वाट द्यावी.» समुद्रातल्या टकरी टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम मासेमारी नौकेला काही सवलत देतात, पण ती जाळ्यांमुळे किंवा अशा सामानामुळे वळता न येणाऱ्या नौकेला. रॉड किंवा मागे ओढायचे गळ लावलेली तुमची होडी त्यात बसत नाही. उलट अरुंद मार्गात 20 मीटरपेक्षा छोट्या नौकेने मोठ्या जहाजाला अडवायचं नाही, असाच नियम आहे. जहाजांच्या वाटेत नांगर टाकू नका, मासे तिथेच लागत असले तरी. पाच आखूड भोंगे ऐकू आले तर ते तुमच्यासाठीच आहेत असं समजून हला. पहाटे निघणार असाल तर दिवे हवेत: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि सगळीकडून दिसणारा पांढरा. 7 मीटरपेक्षा छोट्या आणि 7 नॉटपेक्षा जास्त वेग नसलेल्या होडीला नुसता तो पांढरा दिवाही चालतो. तुमच्या भागातले नोंदणीचे आणि परवान्याचे नियम मात्र स्थानिक कार्यालयातूनच विचारून घ्या.

मदत मागायची साधनं अंगावर हवीत. मोबाइल पाणीरोधक पिशवीत, गळ्यात. खाडीच्या मुखाकडे जाताना हातातला व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे नौकांवरचा बोलायचा वायरलेस, घ्या. तातडीचा चॅनल 16. «मेडे» तीनदा, होडीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं, या क्रमाने बोलायचं. रेडिओ नजरेच्या टप्प्यापर्यंतच पोहोचतो, उंच कड्यामागून नाही. दूर जाणारे 406 मेगाहर्ट्झचा खिशात मावणारा बीकन घेतात. त्याचा इशारा उपग्रहामार्फत शोधपथकाकडे जातो, पण तो तुमच्या नावाने नोंदवलेला नसेल तर खोटा इशारा आहे का याची खातरजमा करण्यात वेळ जातो. शिट्टी जॅकेटला बांधलेलीच असते. नसेल तर बांधा. होडी उलटली तर तिला धरून राहा, शक्य झालं तर तिच्या पालथ्या पोटावर चढा. काठ वाटतो त्याहून लांब असतो, आणि शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा होडी आधी दिसते.

काठावर एक माणूस ठरवा. त्याला लिहून द्या: कुठून निघणार, कुठे असणार, किती जण, किती वाजेपर्यंत फोन येईल, आणि नाही आला तर किती वाजता कुणाला कळवायचं. ही शेवटची वेळ नुसती «उशीर झाला तर» अशी मोघम ठेवू नका, घड्याळातली वेळ लिहा. बेत बदलला तर त्याला कळवा.

बाकीचं भराभर. पेट्रोलची सुटी टाकी होडीबाहेर, जमिनीवर ठेवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळाशी साचते. एक तृतीयांश इंधन जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं राखून. इंजिन सुरू केल्यावर ते गार ठेवणाऱ्या पाण्याची पिचकारी बाहेर पडतेय का बघा. वल्ही घ्या आणि त्यांनी होडी खरंच वाऱ्याविरुद्ध हलते का, हेही करून बघा. पाणी उपसायला बादली, दोरीने बांधलेली. अग्निशामक, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, आणि गळ कापायचा कटर: गळ डोळ्याजवळ किंवा खोल रुतला तर ओढायचा नाही, दोरी कापून तसंच डॉक्टरकडे जायचं. तळाचं बूच लावलं का, हे होडी पाण्यात ढकलायच्या आधी एकाने मोठ्याने विचारायचं आणि दुसऱ्याने हात लावून सांगायचं.

होडी सेकंडहँड आहे म्हणून दोन तपासण्या पाण्यात उतरवायच्या आधी करा. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून वरखाली दाबा आणि मागच्या फळीकडे बघत राहा. फळी लवली किंवा कोपऱ्यात चिरा दिसल्या, तर आतलं लाकूड कुजलंय. दुरुस्तीआधी त्या फळीवर इंजिन चालवायचं नाही. मग सीटखालचा फोम बघा. झाकण उघडून बोटाने दाबल्यावर पाणी निघालं, तर तो फोम होडी भरल्यावर तिला तरंगत ठेवणार नाही, आणि तो काढून नवीन भरावा लागेल.